डोळे उघडे, प्रतिसाद नाही: मेंदूतल्या जोडण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं माणूस महिनोन्‌महिने बेशुद्धीच्या काठावर आहे आणि हातात 'रेस्टिंग-स्टेट', 'डीएमएन', 'रिड्यूस्ड कनेक्टिव्हिटी' असे शब्द असलेला अहवाल आला आहे, किंवा ही तपासणी करावी का असा विचार चालू आहे, अशा नागपूर-विदर्भातल्या कुटुंबांसाठी हे पान आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय मात्र तुमच्या न्यूरोलॉजिस्टचाच.

बाबा डोळे उघडून पाहून राहिले, पण ओळखत नाहीत. हा कोमाच ना?

नाही. कोमात डोळे उघडतच नाहीत, आणि कोमा सहसा दोन ते चार आठवड्यांपलीकडे लांबत नाही. त्यानंतर डोळे उघडायला लागतात, झोप-जागेचं चक्र परत येतं. पण जागं असणं आणि भान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाग मेंदूच्या बुंध्यातून, म्हणजे ब्रेनस्टेममधून येते. भानासाठी थॅलॅमस (मेंदूच्या मधोमध असलेलं संदेशांचं केंद्र) आणि वरच्या सालीतले, म्हणजे कॉर्टेक्समधले, दूरदूरचे भाग एकमेकांशी बोलत असावे लागतात.

डोळे उघडे पण भानाची एकही खूण नाही, या अवस्थेला 1972 पासून व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणत आले. शब्द कानाला बोचतो, म्हणून 2010 मध्ये 'अनरिस्पॉन्सिव्ह वेकफुलनेस सिंड्रोम' हे नाव सुचवलं गेलं. दोन्ही नावं एकाच अवस्थेची. खुणा दिसतात पण तुटक, कधी आहेत तर कधी नाहीत, तेव्हा ती मिनिमली कॉन्शस स्टेट. तिची व्याख्या 2002 ची. नजरेने माग काढणं, दुखलेल्या जागी हात नेणं एवढंच असेल तर 'मायनस'. सांगितलेलं ऐकून करणं, समजेल असा शब्द उच्चारणं असेल तर 'प्लस'. फाईलवर यातलं नेमकं काय लिहिलंय ते आधी बघा. 'कोमा' हा शब्द डिस्चार्ज कार्डावर वर्षभर तसाच राहिलेला असतो, आणि त्यामुळे पुढचा प्रत्येक डॉक्टर चुकीच्या जागेवरून सुरुवात करतो.

'जोडणी' म्हणजे नेमकं काय मोजतात?

तीन वेगळ्या गोष्टी, आणि अहवालात तिन्हींना एकच शब्द वापरलेला असतो. नागपूर स्टेशनजवळचं डायमंड क्रॉसिंग डोळ्यांसमोर आणा. रूळ शाबूत आहेत का, ही रचनेची जोडणी. ती डीटीआय या एमआरआय प्रकारातून बघतात. पांढऱ्या द्रव्याच्या तंतूंमधून पाण्याचे कण कोणत्या दिशेने सरकतात यावरून अंदाज येतो. दोन फलाटांवरच्या गाड्यांच्या वेळा जुळतात का, ही कार्याची जोडणी. रेस्टिंग-स्टेट एफएमआरआय हेच बघतो: दोन भागांतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार सोबत होतो का. आणि कोणत्या गाडीमुळे कोणती सुटली, ही तिसरी, परिणामाची जोडणी. तिच्यासाठी गणिती मॉडेल लागतं किंवा मेंदूला बाहेरून टिचकी मारून प्रतिसाद बघावा लागतो.

दोन भागांत थेट रूळ नसतानाही वेळा जुळू शकतात, कारण दोघांनाही तिसरीकडून, बहुतेकदा थॅलॅमसकडून, ताल मिळतो. म्हणून 'जोडणी दिसते' याचा अर्थ 'तार शाबूत आहे' असा सरळ काढता येत नाही.

एमआरआयत फारसं काही नाही म्हणाले. मग उठत का नाहीत?

गाडीवरून पडलेल्यांमध्ये हे नेहमी दिसतं. डोक्याला जोराचा पिळा बसला की लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. याला डिफ्यूज ॲक्सोनल इंजुरी म्हणतात. सीटीमध्ये हे जवळजवळ दिसत नाही. साध्या एमआरआयतही निसटतं. सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारा एसडब्ल्यूआय हा क्रम घेतला असेल तर ठिपके दिसतात. आपल्या फाईलमध्ये एसडब्ल्यूआय आहे का ते विचारा.

ऑक्सिजन तुटून झालेली इजा वेगळी: हृदय बंद पडणं, गळफास, बुडणं. तिथे तारांपेक्षा पेशीच मोठ्या संख्येने मरतात, सालीत, थॅलॅमसमध्ये आणि बेसल गँग्लियामध्ये, म्हणजे मेंदूच्या खोलवरच्या पेशींच्या पुंजक्यांमध्ये. उष्माघातात लहान मेंदूच्या पेशी विशेष भाजून निघतात.

दोन्ही वाटांनी शेवटी एकच साखळी कमजोर पडते. थॅलॅमसचा मधला भाग पुढच्या सालीला चेतवतो. साल स्ट्रायॅटमला चेतवते. स्ट्रायॅटम ग्लोबस पॅलिडसला आवरतं; हे दोन्ही बेसल गँग्लियाचेच भाग. पॅलिडसचं काम थॅलॅमसला दाबणं. इजेमुळे स्ट्रायॅटम थंडावलं की पॅलिडस मोकळा सुटतो आणि थॅलॅमस दबलेलाच राहतो. हे 'मेसोसर्किट' गृहीतक. औषधांचा प्रश्न पुढे येईल तेव्हा ही साखळी लक्षात असू द्या.

डीएमएनवर एवढा भर का?

डिफॉल्ट मोड नेटवर्क, हे नाव 2001 मधलं. माणूस काहीच करत नसताना, स्वतःच्या विचारात असताना जे भाग सोबत चालतात त्यांचा हा गट: मागचा प्रीक्युनिअस आणि पोस्टीरिअर सिंग्युलेट, पुढचा मीडिअल प्रीफ्रंटल, दोन्ही बाजूंचे खालचे पॅरायटल. बेल्जियममधल्या लिएजच्या गटाने 2010 मध्ये दाखवलं की भान जितकं कमी तितकी या गटातली जोडणी कमी. निरोगी माणसापासून मिनिमली कॉन्शस, व्हेजिटेटिव्ह आणि कोमा अशी उतरती पायरी दिसते.

पण हा निष्कर्ष गटांच्या सरासरीचा. भूल दिलेल्या माकडांतही या नेटवर्कची आकृती उमटते, म्हणून 'डीएमएन दिसलं, म्हणजे भान आहे' हे चूक. 2019 च्या कामात एक जास्त उपयोगी गोष्ट पुढे आली: एका क्षणाचं चित्र बघण्यापेक्षा मेंदू एका आकृतीतून दुसरीत किती सरकतो ते बघा. जागत्या माणसात दूरच्या भागांमध्ये जुळणारे आणि विरोधी असे दोन्ही संबंध असतात आणि ते बदलत राहतात. प्रतिसाद नसलेल्यांचा मेंदू बहुतेक वेळ एकाच साध्या आकृतीत अडकून राहतो, जी रूळांच्या नकाशासारखीच असते. रूळ आहेत, वेळापत्रक नाही.

मग स्कॅनवरून आतली जाग कळते की नाही?

कधीकधी, आणि तेव्हा ती ठाम कळते. 2006 मध्ये इंग्लंडमध्ये एका तरुणीला मशीनमध्ये 'टेनिस खेळताय अशी कल्पना करा' असं सांगितलं आणि निरोगी माणसासारखेच भाग उजळले. बाहेरून ती कोणताच प्रतिसाद देत नव्हती. 2010 मध्ये अशा 54 रुग्णांपैकी 5 जणांनी सांगितल्याप्रमाणे मेंदूची क्रिया बदलून दाखवली. 2024 मध्ये सहा केंद्रांच्या एकत्रित कामात, बाहेरून कोणतीही आज्ञा न पाळणाऱ्या 241 जणांपैकी 60 जणांमध्ये, म्हणजे चौघांत एकात, आतून प्रतिसाद सापडला. याला कॉग्निटिव्ह मोटर डिसोसिएशन म्हणतात.

त्याच कामातला दुसरा आकडा फारसा कोणी सांगत नाही. जे 112 जण खाटेवर उघडपणे आज्ञा पाळत होते, त्यांतल्या फक्त 38 टक्क्यांचा प्रतिसाद मशीनवर उमटला. समोर हात हलवणारा माणूसही स्कॅनमध्ये 'नाही' ठरू शकतो. म्हणून स्कॅनचा 'हो' जमेला धरायचा आणि 'नाही' बाजूला ठेवायचा. ही चाचणी रेस्टिंग-स्टेटपेक्षा वेगळी आहे हेही ध्यानात असू द्या. रेस्टिंग-स्टेटमध्ये रुग्णाला काहीच करायला सांगत नाहीत, त्यामुळे ती 'तो ऐकतोय का' याचं उत्तर देत नाही.

घरी आम्ही काय बघायचं?

सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते, आणि खर्च आरशाचा. रीतसर मोजपट्टी सीआरएस-आर: ऐकणं, बघणं, हालचाल, तोंड-वाणी, संवाद, जाग असे सहा विभाग, 0 ते 23 गुण. 2009 च्या एका अभ्यासात, नुसत्या नेहमीच्या तपासणीने व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या सुमारे 41 टक्के रुग्णांत या मोजपट्टीने भानाच्या खुणा सापडल्या. एकदा करून भागत नाही. दोन आठवड्यांत पाच वेळा करावी. ती शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या, पण त्यातली दोन निरीक्षणं घरच्यांना जमतात.

आरसा. हातात धरायचा, चेहरा पूर्ण दिसेल एवढा. पेशंटला शक्य तेवढं बसतं करा. आडव्यापेक्षा बसल्यावर जाग वाढते. टीव्ही बंद, खोलीत एकच माणूस बोलेल. आरसा तोंडासमोर 10 ते 15 सेंटिमीटरवर धरा आणि 'आरशात बघा' म्हणा. मग हळूहळू उजवीकडे 45 अंश, परत मध्ये, डावीकडे, वर, खाली. प्रत्येक दिशेला दोनदा. नजर न तुटता पूर्ण 45 अंश मागे आली, असं दोनदा झालं तर ती खूण धरतात. स्वतःचा चेहरा टॉर्च, खेळणं किंवा देवाच्या फोटोपेक्षा जास्त ओढतो. बॅटरीच्या उजेडामागे नजर गेली नाही म्हणून 'बघत नाही' असं लिहिलेल्या बऱ्याच नोंदी आरशाने बदलतात.

आज्ञा. आधी एक मिनिट काहीही न बोलता नुसतं बघा: कोणती बोटं आपोआप हलतात, किती वेळा. मगच आज्ञा निवडा, आणि आपोआप होणारी हालचाल आज्ञेत घेऊ नका. 'हात दाबा' टाळा. तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप मिटते आणि घरभर आनंद होतो. 'अंगठा वर करा' चांगली. एकदा सांगा, 10 सेकंद थांबा, असं चार वेळा. चारपैकी तीनदा जमलं तर लिहून ठेवा आणि व्हिडिओ घ्या, ज्यात तुमचा आवाज आणि त्याचा हात दोन्ही दिसतील.

आणि भाषा. गडचिरोलीचा माणूस गोंडी बोलतो, गोंदियाकडचा छत्तीसगढी, छिंदवाड्याहून आलेला हिंदी. वॉर्डात आज्ञा मिळते सिस्टरच्या मराठीत. इजा झालेल्या मेंदूला परकी भाषा आणखी परकी होते. घरातल्याच माणसाने, घरातल्याच हाकेने सांगावं: 'काकाजी, अंगठा वर करा जी.'

तपासणीआधी काय काय तपासून घ्यावं?

जोडणी कमी दिसण्याची कारणं मेंदूबाहेरही असतात, आणि ती दुरुस्त होतात. लघवीतलं इन्फेक्शन आणि फुप्फुसातला कफ. सोडियम कमी किंवा जास्त. कवटी काढलेल्यांमध्ये मेंदूत पाणी साठणं, म्हणजे हायड्रोकेफॅलस. महिन्याभरापूर्वी थोडं बघायला लागलेला माणूस परत मागे गेला तर आधी सीटी. आतल्या आत चालणारी फिट, जी फक्त ईईजीत दिसते. आकडीसाठीचं क्लोनाझेपाम, कडकपणासाठीचं बॅक्लोफेन, रात्री शांत राहावा म्हणून सुरू केलेली आणि मग कोणी बंद न केलेली गोळी. औषधांची पूर्ण यादी डोस आणि वेळेसह एका कागदावर लिहून न्या. परस्पर काही थांबवू नका. आकडीचं औषध एकदम तोडलं तर फिट येते.

कानात मळ आहे का हेही बघून घ्या. अपघातात कानाचं हाड फुटून ऐकू येणं गेलेलं असू शकतं. चष्मा लागत असेल तर चष्मा लावा.

रेस्टिंग-स्टेट एमआरआय कसा होतो, आणि कुठे बिघडतो?

मशीनमध्ये साधारण 45 मिनिटं, त्यातला रेस्टिंग-स्टेटचा भाग 8 ते 10 मिनिटांचा. दर दोन सेकंदांना एक चित्र धरलं तर 10 मिनिटांत 300 चित्रं.

पहिला बिघाड हालचालीचा. सलग दोन चित्रांमध्ये डोकं अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकलं तर ती चित्रं बऱ्याच ठिकाणी बाद करतात. नुसतीच बाद होती तर बरं. डोकं हललं की जवळच्या भागांतली जोडणी खोटी वाढते आणि दूरच्या भागांतली खोटी घटते; म्हणजे आजारात दिसतं तेच चित्र खोकल्यानेही उमटतं. ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी) असेल तर आत नेण्याच्या अगदी आधी सक्शन करून, म्हणजे कफ ओढून, घ्या, कारण सक्शन मशीन आत नेता येत नाही.

दुसरा बिघाड झोपेच्या इंजेक्शनचा. हालू नये म्हणून प्रोपोफोल किंवा मिडाझोलाम देतात, आणि ही औषधं नेमकी तीच जोडणी कमी करतात जी मोजायला आपण आलो. साध्या एमआरआयसाठी चालतं, यासाठी नाही. द्यावंच लागलं तर औषध, डोस आणि वेळ अहवालावर लिहून घ्या. साधी झोपही निकाल बदलते. सकाळची वेळ घ्या; डोळे उघडे आहेत ना हे कोणीतरी बघत राहावं.

तिसरा बिघाड नकाशाचा. सॉफ्टवेअर प्रत्येक मेंदू एका प्रमाण मेंदूवर ताणून बसवतं. एका बाजूचा मेंदू दबलेला, पोकळ्या मोठ्या झालेल्या, कवटीचा तुकडा नाही, अशा मेंदूवर ते चुकतं आणि 'प्रीक्युनिअस' म्हणून पाण्याची जागा मोजली जाते. भाग हाताने तपासून आखले का, हे विचारायला संकोचू नका.

धातूचं आधीच सांगा. जुनी धातूची ट्रॅकिओस्टॉमी नळी असेल तर प्लास्टिकची बसवून घ्यावी लागते. प्रोग्रामेबल शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी, दाब बाहेरून बदलता येणारी नळी) असेल तर चुंबकामुळे त्याची सेटिंग सरकू शकते. स्कॅननंतर त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडून तपासून घ्या. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर खोलीत अजिबात नाही.

धंतोली-रामदासपेठेत एमआरआय पावलोपावली आहे. पण मशीन असणं वेगळं आणि या तपासणीचं विश्लेषण करणारा माणूस असणं वेगळं. पैसे भरण्याआधी विचारा: किती चित्रं बाद झाली ते लिहून देता का? आणि तुलना कोणाशी, याच मशीनवर तपासलेल्या निरोगी माणसांशी का? उत्तर मिळालं नाही तर तेच पैसे फिजिओथेरपीला लावा.

ईईजी, पेट-स्कॅन यांचा उपयोग?

ईईजी स्वस्त आहे आणि खाटेपाशी होतो. फक्त डेल्टा, म्हणजे सेकंदाला 4 पेक्षा कमी लाटा, दिसत असतील तर साल थॅलॅमसपासून जवळपास तुटलेली. त्याहून थोड्या वेगवान लाटा, म्हणजे थीटा, येऊ लागल्या की काहीतरी पोचतंय. 8 ते 13 चा अल्फा परत येणं ही चांगली खूण.

एफडीजी-पेट मेंदू किती साखर वापरतो ते दाखवतं. 2016 च्या कामात, सालीतला वापर निरोगीच्या सुमारे 42 टक्क्यांखाली गेला की भानाच्या खुणा सहसा सापडल्या नाहीत. शहरात पेट-सीटी कॅन्सरसाठी चालतं, त्यामुळे 'ब्रेन एफडीजी, जागेपणी' असं स्पष्ट लिहून न्या. चार ते सहा तास आधी नळीचं फीड बंद, साखर आटोक्यात, इंजेक्शननंतर अर्धा-पाऊण तास शांत मंद उजेडात, जागं.

तिसरी पद्धत चुंबकीय टिचकी मारून ईईजीत उमटणारा प्रतिध्वनी मोजण्याची. त्याचा गुंतागुंतीचा आकडा 0 ते 1 मध्ये असतो आणि 0.31 च्या वर भान धरतात. तिन्हींमध्ये तत्त्वतः ही सगळ्यात भक्कम, कारण तिला पेशंटने ऐकण्याची, समजण्याची गरजच नाही. सध्या ती संशोधनापुरतीच आहे.

'जोडणी कमी' असा अहवाल आला. आता आशा सोडायची का?

एका अहवालावर नाही. 2018 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी 'पर्मनंट' हा शब्दच काढला आणि 'क्रॉनिक' आणला: अपघाताव्यतिरिक्त कारणांत तीन महिन्यांनंतर, अपघातात बारा महिन्यांनंतर. त्यानंतरही काही जण सुधारतात, बहुतेक मोठ्या अपंगत्वासह. अपघाताच्या इजेत शक्यता जास्त, ऑक्सिजन तुटल्यावर कमी. ही तफावत कोणत्याही जोडणी-नकाशापेक्षा जास्त सांगून जाते.

जोडणी वाढवणारं औषध आहे का?

पुरावा असलेलं एक: अमँटाडीन. 2012 मधल्या 184 रुग्णांच्या चाचणीत, अपघातानंतर 4 ते 16 आठवड्यांतल्या लोकांना चार आठवडे दिलं. सुरुवात 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, गरजेनुसार 200 दोनदापर्यंत. सुधारणेचा वेग वाढला, औषध थांबवल्यावर मंदावला. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा फिट येत असतील तर जपून. झोल्पिडेम ही झोपेची गोळी मोजक्या लोकांना उलट जागं करते, बहुधा सुटलेल्या पॅलिडसला आवरून. शंभरात पाच-सहा जणांना, आणि तेही काही तासांपुरतं. एकदा डॉक्टरांसमोर देऊन बघण्यात गैर नाही.

स्टेम सेल?

या अवस्थेसाठी सिद्ध उपचार नाही. घर किंवा शेत विकून तर नाहीच.

तोंडात थोडा संत्र्याचा रस दिला तर चव कळून जाग येईल का?

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय थेंबभरही देऊ नका. रस श्वासनळीत गेला की न्यूमोनिया, आणि न्यूमोनियाने महिन्याभराची प्रगती धुतली जाते. संत्र्याची साल नाकाजवळ धरा. वासाला श्वासाचा ओघ बदलतो का, यावरही 2020 मध्ये चांगलं काम झालं आहे.

बँकेत सही कोण करणार?

प्रौढ माणूस अशा अवस्थेत असेल तर पालक नेमण्याचा सरळ कायदा आपल्याकडे नाही. पत्नी किंवा मुलगा आपोआप पालक होत नाही. घटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. नागपूरचं खंडपीठ सिव्हिल लाइन्सला आहे. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी आणि बाकी वारसांची संमती लागते. सरकारी आरोग्य योजनेतून काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

मे महिन्यात तपासणीला आणावं का?

शक्य असेल तर पुढे ढकला. अशा पेशंटांना घाम आणि तापमान नीट आवरत नाही. 45 अंशांच्या दुपारी चंद्रपूरहून तीन तास आणलेला माणूस खोलीत पोचतो तेव्हा अंगात ताप असतो, सोडियम वर असतं आणि आरशामागे नजर जात नाही. यावंच लागलं तर पहाटे निघा, एसी रुग्णवाहिका घ्या, नळीतून पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून वाढवा. एक रात्र नागपुरात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घ्या.